बोटांच्या रक्तपुरवठ्यावरील शस्त्रक्रिया

बोटांच्या रक्तपुरवठ्यावरील शस्त्रक्रिया हा हाताच्या बोटांना होणारा रक्तपुरवठा गंभीर प्रमाणात घटल्यावर तो सुधारण्यासाठी, असह्य वेदना थांबवण्यासाठी आणि कोथाने (गँग्रीनने) मृत होणारा भाग शक्य तितका मर्यादित ठेवण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा गट आहे. रक्तवाहिन्यांना आकुंचित करणाऱ्या तंत्रिकांचा छेद घेणे, बोटांच्या रोहिण्यांभोवतीचे आवरण सोलणे, बंद पडलेल्या रोहिणीला शिरेचा तुकडा जोडून नवी वाट करून देणे आणि यांपैकी काहीही शक्य नसल्यास मृत भाग काढून टाकणे, असे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. भारतात या शस्त्रक्रियांची गरज ज्या विकारांमुळे पडते, त्यांत तंबाखूशी निगडित बर्जर रोगाला महत्त्वाचे स्थान आहे. हा रोग बहुधा ऐन कमावत्या वयातील पुरुषांना होतो आणि त्यांच्या पायांसोबत हातांवरही आघात करतो.

## बोटांतील रक्ताभिसरण

मनगटातून तळहातात दोन मुख्य रोहिण्या (धमन्या) उतरतात. अंगठ्याच्या बाजूने रेडियल आणि करंगळीच्या बाजूने अल्नर. तळहातात या दोघींच्या शाखा एकमेकींना मिळून दोन कमानी तयार होतात. त्यांपैकी वरवरची कमान मुख्यतः अल्नर रोहिणीपासून, तर खोल कमान मुख्यतः रेडियल रोहिणीपासून बनते. या कमानींतून निघालेल्या शाखा प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी टोकाकडे जातात. बोटाच्या मुळाशी या रोहिणीचा व्यास सुमारे १ ते १.५ मिलिमीटर एवढाच असतो. दोन रोहिण्या आणि त्यांना जोडणाऱ्या कमानी असल्यामुळे एखादी वाहिनी बंद पडली तरी बोट सहसा जगते. बोट धोक्यात येते ते दोन्ही वाटा अडल्यावर, किंवा कमान जन्मतःच अपुरी असल्यास.

बोटांच्या त्वचेतील रक्तप्रवाह केवळ पोषणासाठी नसतो. शरीराची उष्णता राखणे वा बाहेर टाकणे हेही त्याचे कार्य असते, म्हणून थंडीत तो झपाट्याने घटतो आणि उष्म्यात कित्येक पटींनी वाढतो. हे नियंत्रण अनुकंपी तंत्रिकांकडे असते. या तंत्रिका छातीच्या वरच्या भागातील मेरुरज्जूतून निघतात, बरगड्यांच्या मुळाशी असलेल्या गुच्छिकांच्या साखळीतून वर चढतात आणि हाताच्या तंत्रिकांबरोबर प्रवास करून रोहिण्यांच्या भिंतींपर्यंत पोचतात. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५०च्या दशकाच्या आरंभी सशाच्या मानेतील अनुकंपी तंत्रिका कापली, तेव्हा त्या बाजूचा कान लाल व उबदार झाल्याचे त्यांना आढळले. पुढे या विषयातील अर्ध्याहून अधिक शस्त्रक्रिया याच निरीक्षणावर उभ्या राहिल्या.

## कारणे

बर्जर रोग. यात हातापायांच्या लहान व मध्यम आकाराच्या रोहिण्या आणि नीला यांना दाह होतो व त्या गुठळ्यांनी बुजतात. ऑस्ट्रियातील फेलिक्स फोन विनिवार्टर यांनी १८७९ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद केली होती. न्यूयॉर्कमधील लिओ बर्जर यांनी १९०८ मध्ये छेदन केलेल्या अवयवांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून त्याचे सविस्तर वर्णन केले आणि त्यांचेच नाव रोगाला मिळाले. सर्वसाधारण धमनीकाठिण्यात रोहिणीच्या भिंतीत मेद साचतो आणि तो विकार उतारवयात, मधुमेह वा उच्च रक्तदाबाच्या जोडीने येतो. बर्जर रोग मात्र बहुधा पन्नाशीच्या आत सुरू होतो आणि त्यात भिंत बरीचशी शाबूत राहून पोकळी बुजते. तंबाखूविना हा रोग सहसा आढळत नाही. विडी, सिगारेट, हुक्का यांप्रमाणेच चघळण्याच्या तंबाखूनेही तो धगधगत राहतो.

रोहिण्यांच्या विकारांनी पीडित रुग्णांत बर्जर रोगाचे प्रमाण पश्चिम युरोपात ०.५ ते ५.६ टक्के, तर भारतात ४५ ते ६३ टक्के असल्याचे वैद्यकीय साहित्यात दीर्घकाळ उद्धृत केले जाते. हे आकडे रुग्णालयांत आलेल्या रुग्णांचे आहेत, लोकसंख्येचे नव्हेत. मधुमेह वाढत गेल्याने त्यांतील प्रमाणही बदलत आहे. तरीही दोन प्रदेशांतील तफावत दुर्लक्षिण्याजोगी नाही.

रेनो आविष्कार. मोरिस रेनो यांनी १८६२ मध्ये पॅरिस येथे सादर केलेल्या प्रबंधात थंडीने वा मानसिक ताणाने बोटे पांढरी पडणे, मग निळसर होणे आणि ऊब मिळताच लाल होऊन ठणकणे या क्रमाचे वर्णन केले. सावळ्या त्वचेवर हा पांढरेपणा चटकन दिसत नाही, त्यामुळे नखे व तळहात पाहावे लागतात. याचा प्राथमिक प्रकार तरुण स्त्रियांत अधिक आढळतो, तो त्रासदायक असला तरी त्याने बोट गमावण्याची वेळ सहसा येत नाही. दुय्यम प्रकार मात्र त्वचाकाठिण्य, ल्युपस यांसारख्या विकारांसोबत येतो. त्यात रोहिण्यांच्या भिंती कायमच्या जाड होतात आणि बोटांच्या टोकांवर लवकर न भरणाऱ्या जखमा होतात. दीर्घकाळ कंप पावणारी यंत्रे वापरणाऱ्या खाण व बांधकाम कामगारांतही हा प्रकार दिसतो.

इतर कारणे. काही व्यक्तींत मानेच्या शेवटच्या मणक्यापासून एक अधिकची बरगडी निघालेली असते. शंभरांत एखाद्या व्यक्तीतही ती क्वचितच सापडते आणि बहुतेकांना तिचा पत्ता आयुष्यभर लागत नाही. पण ती हाताच्या मुख्य रोहिणीला घासू लागली, तर तेथे फुगवटा येऊन त्यातील गुठळ्यांचे कण बोटांत अडकतात. एकाच हाताची बोटे अधूनमधून काळवंडत असतील तर ही शक्यता तपासणे आवश्यक ठरते, कारण येथे दोष बोटांत नसून मानेत असतो. तळहाताच्या टाचेने ठोकण्याची सवय असलेल्या सुतार, यांत्रिक इत्यादींमध्ये अल्नर रोहिणीला त्याच जागी इजा होते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत अपोहनासाठी (डायलिसिससाठी) हातातील रोहिणी व नीला यांची जोडणी केलेली असते, तिच्यामुळे क्वचित बोटांकडे जाणारे रक्त मध्येच वळते.

अरगट या बुरशीतील द्रव्ये रक्तवाहिन्या आवळतात. मध्ययुगीन युरोपात राय धान्यावरील अरगटामुळे हातपाय झडण्याच्या साथी आल्या. भारतात बाजरीवर येणाऱ्या अरगटातील द्रव्ये वेगळ्या गटातील असल्याने त्यांच्या विषबाधेत उलट्या, गुंगी व चक्कर ही लक्षणे दिसतात, कोथ दिसत नाही. बाजरी खाणाऱ्या प्रदेशांत ही बाब ध्यानी ठेवण्यासारखी आहे. अर्धशिशीवरील अर्गोटामिनच्या गोळ्या एचआयव्हीवरील काही औषधांबरोबर घेतल्यास मात्र बोटे काळी पडू शकतात.

## महाराष्ट्र व खानदेशातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रात तंबाखू ही एकाच वेळी पीक, कुटिरोद्योग आणि व्यसन आहे. मराठीभाषक सीमाभागातील निपाणी तंबाखूच्या बाजारपेठेसाठी ओळखली जाते, विदर्भाच्या जंगलांतून तेंदूपाने येतात, आणि सिन्नर, सोलापूर, कामठी या गावांत विड्या वळण्याचा व्यवसाय रुजला. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. विडी आणि चुन्याबरोबर मळून खाल्ली जाणारी तंबाखू त्या बंदीच्या कक्षेत येत नाहीत, आणि बर्जर रोगाचा संबंध मुख्यतः याच पदार्थांशी येतो.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत, या विकाराला शेतमजुरीचा संदर्भ आहे. १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे परिचित असलेले फैजपूर हे यावल तालुक्यातील गाव सातपुडा आणि तापी यांच्या मधल्या केळीच्या पट्ट्यात वसले आहे. केळीचे काम हे हातांचे काम आहे. घड कापणे, वाहणे, फण्या वेगळ्या करणे आणि निर्यातीच्या मालासाठी त्या पाण्याच्या हौदात धुणे ही कामे करताना हात तासन्‌तास ओले राहतात. डिसेंबर-जानेवारीत येथील पारा १० अंश सेल्सियसच्या खाली उतरतो. या थंडीने केळीची वाढ खुंटते व घड नीट बाहेर पडत नाही, हे बागायतदाराला ठाऊकच असते. ज्याच्या बोटांच्या रोहिण्या आधीच अरुंद झाल्या आहेत अशा मजुरालाही हाच काळ सर्वांत कठीण जातो. पाणी आणि गारठा यांनी हा रोग होत नाही. मात्र असलेल्या रोगाची लक्षणे त्यांनी उफाळतात आणि लहानशी चीर भरून न येता जखम होऊन बसते. केळी पिकवण्याच्या शीतगृहांत काम करणाऱ्यांनाही हे लागू पडते.

बोट काळे पडून झडू लागले की ग्रामीण भागात अनेकदा कुष्ठरोगाची शंका घेतली जाते आणि रुग्ण ते लपवू लागतो. दोहोंतील फरक स्पष्ट आहे. कुष्ठरोगात तंत्रिका बधिर होतात, त्यामुळे जखमा वेदनारहित असतात आणि बोटे नकळत होणाऱ्या इजांनी झिजतात. रक्तपुरवठा तुटलेले बोट याच्या उलट इतके दुखते की रुग्ण रात्ररात्र हात खाली लोंबता ठेवून बसून काढतो. लपवण्यात गेलेले महिने बहुधा बोटाच्या लांबीतून वजा होतात.

खानदेशात धुळे येथे १९८९ पासून आणि जळगाव येथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान, औषधोपचार आणि सर्वसाधारण शस्त्रक्रिया जिल्हा पातळीवर होऊ शकतात. सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रियांसाठी मात्र रुग्णाला बहुधा नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई किंवा सीमेपलीकडील इंदूर अशा मोठ्या शहरांकडे जावे लागते. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी राज्य शासनाची योजना ठरावीक यादीतील उपचारांचा खर्च उचलते. विशिष्ट शस्त्रक्रिया त्या यादीत आहे का आणि कोणत्या रुग्णालयात ती होते, याची माहिती संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे मिळते.

## निदान

पहिली तपासणी उपकरणाविना होते. रुग्णाने मूठ घट्ट आवळायची, तपासणाऱ्याने मनगटावरील दोन्ही रोहिण्या दाबून धरायच्या, मूठ उघडल्यावर तळहात फिकट दिसतो. मग एकच रोहिणी सोडायची. काही सेकंदांत तळहातात रंग परतला तर ती वाट मोकळी आहे, परतला नाही तर अडथळा आहे. ही ॲलन चाचणी आज अतिदक्षता विभागात मनगटातील रोहिणीत सुई घालण्यापूर्वी जगभर केली जाते. मेयो क्लिनिकमधील एडगर ॲलन यांनी १९२९ मध्ये ती मांडली, ती मात्र बर्जर रोगाच्या रुग्णांमधील मनगटाखालचे अडथळे शोधण्यासाठी.

त्यानंतर डॉप्लर ध्वनिलहरींनी प्रवाह ऐकणे, बोटांतील रक्तदाब मोजणे आणि नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहणे या तपासण्या येतात. रोहिणीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या क्ष-किरण चित्रात बर्जर रोगातील अडथळे तुटक-तुटक दिसतात आणि त्यांच्या भोवती मळसूत्रासारख्या नागमोडी पर्यायी वाहिन्या आढळतात. रक्ताच्या चाचण्यांनी मधुमेह, स्वप्रतिरक्षा विकार आणि रक्त गोठण्याचे दोष वगळले जातात. शस्त्रक्रिया ठरवण्यासाठी एक सोपी चाचणी उपयोगी पडते. बोटाच्या किंवा मनगटाच्या तंत्रिकेभोवती भूल देणारे औषध टोचून बोटाचे तापमान पाहतात. ते वाढले, तर अडथळ्याचा काही भाग आकुंचनाचा आहे आणि तंत्रिका तोडून लाभ होण्याची शक्यता आहे. काहीच फरक पडला नाही, तर रोहिणी खरोखरच बुजलेली आहे.

## शस्त्रक्रियेपूर्वीचे उपचार

बर्जर रोगात तंबाखू पूर्णतः सोडणे हाच एकमेव उपचार असा आहे, जो रोगाची वाटचाल बदलतो. अमेरिकेतील एका बहुउद्धृत रुग्णमालिकेत तंबाखू सोडलेल्यांपैकी ९४ टक्के रुग्णांचे अवयव वाचले, तर ती सुरू ठेवणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांना आठ वर्षांत छेदन करावे लागले. कमी करणे पुरेसे ठरत नाही. दिवसाला एक-दोन विड्याही रोग जागता ठेवण्यास पुरतात. निकोटिनचे च्युइंग गम वा पट्ट्या यांनीही तो चालू राहू शकतो, म्हणून अशा रुग्णांत त्या टाळण्याकडे कल असतो. शस्त्रक्रिया करूनही तंबाखू चालू राहिली, तर तिचा लाभ अल्पजीवी ठरतो. या कारणाने अनेक शल्यविशारद शस्त्रक्रियेपूर्वीच तंबाखू सोडण्याचा आग्रह धरतात.

औषधांत निफेडिपिन व अम्लोडिपिनसारखी कॅल्शियमरोधके, सिल्डेनाफिल, त्वचाकाठिण्यात नव्या जखमा टाळण्यासाठी बोसेंटान आणि शिरेतून दिली जाणारी आयलोप्रोस्ट वा अल्प्रोस्टाडिल यांचा वापर होतो. प्राझोसिन हे रेनो आविष्कारात माफक उपयोगी पडणारे औषध महाराष्ट्रात वेगळ्याच कारणासाठी ओळखले जाते. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात विंचूदंशावर त्याचा परिणामकारक वापर दाखवून दिला. विंचवाच्या विषाने अनुकंपी तंत्रिका उद्दीपित होऊन साऱ्या शरीरातील रक्तवाहिन्या आवळतात, आणि दोन्ही ठिकाणी हे औषध त्याच ग्राहींना रोखते. अलीकडे तळहातात बोटुलिनम विष अत्यल्प मात्रेत टोचण्याचाही प्रयोग होतो. त्याचे परिणाम अभ्यासागणिक बदलतात.

## अनुकंपी तंत्रिकाछेदन

अनुकंपी तंत्रिका तोडून रक्तपुरवठा वाढवण्याची कल्पना ल्यों येथील मातियू झाबुले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आणली. त्यांचे शिष्य रेने लेरीश यांनी १९१३ पासून मोठ्या रोहिण्यांभोवतीचे आवरण सोलण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. तिचा परिणाम काही आठवड्यांतच ओसरत असे. याचे कारण नंतर कळले. या तंत्रिका मुख्य रोहिणीच्या बाजूने वरून खाली सलग येत नाहीत, तर वाटेत ठिकठिकाणी हाताच्या तंत्रिकांतून रोहिणीला येऊन मिळतात. वरच्या बाजूला सोलून खालचा पुरवठा तुटत नाही.

दरम्यान सिडनी येथील नॉर्मन रॉयल यांनी १९२० च्या दशकात स्नायूंचा ताठरपणा घालवण्यासाठी कमरेतील अनुकंपी गुच्छिका काढल्या. ताठरपणात विशेष फरक पडला नाही, पण पाय उबदार झाले. अर्जेंटिनातील हुलियो दिएस यांनी १९२४ मध्ये हाच मार्ग बर्जर रोगासाठी वापरला. हातांसाठी छातीतील वरच्या गुच्छिका काढण्याची पद्धत अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या अल्फ्रेड ॲडसन यांनी १९२० च्या दशकाअखेरीस रेनो विकारात वापरली. त्या काळी त्यासाठी पाठीतून, मानेतून किंवा काखेतून मोठा छेद घ्यावा लागत असे.

आता ही शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. पूर्ण भूल देऊन त्या बाजूचे फुप्फुस तात्पुरते मिटवतात, काखेखाली दोन-तीन लहान छिद्रे घेतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या डोक्यावरून जाणारी साखळी जाळतात, तोडतात वा तिला चिमटा लावतात. सर्वांत वरची तारकाकृती गुच्छिका जपावी लागते. तिला इजा झाल्यास पापणी खाली येते, बाहुली आकसते आणि चेहऱ्याच्या त्या अर्ध्या भागाला घाम येत नाही. काही व्यक्तींत दुसऱ्या बरगडीवरून थेट हाताकडे जाणारा एक आडवाटेचा तंतू असतो. आल्बर्ट कुंट्झ यांनी १९२७ मध्ये त्याचे वर्णन केले. तो सुटून गेला तर शस्त्रक्रिया अपुरी राहते.

यशस्वी शस्त्रक्रियेनंतर तळहात टेबलावरच कोरडा व उबदार होतो. हा परिणाम नाट्यमय असतो, पण त्यावरून दीर्घकालीन यशाचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते. प्राथमिक रेनो विकारात लक्षणे बऱ्याच रुग्णांत काही महिने ते काही वर्षांत परततात, म्हणून केवळ रंगबदलासाठी ही शस्त्रक्रिया केली जात नाही. तिचा खरा उपयोग भरून न येणारी जखम आणि विश्रांतीतही थांबत नसलेली वेदना यांत आहे. वाढलेला प्रवाह मुख्यतः त्वचेत असल्याने तेवढ्या काळात जखम भरून निघू शकते. रोहिणी पूर्ण बुजलेली असल्यास मात्र तंत्रिका तोडून काही साधत नाही.

सर्वांत सामान्य दुष्परिणाम म्हणजे भरपाईचा घाम. हातांचा घाम थांबल्यावर पाठ, पोट व मांड्यांना तो अधिक येतो. थंड हवामानाच्या देशांत ही केवळ गैरसोय ठरते. उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापणाऱ्या तापीच्या खोऱ्यात उन्हात काम करणाऱ्या मजुराशी मात्र या परिणामाची शस्त्रक्रियेपूर्वीच मोकळेपणाने चर्चा होणे आवश्यक असते, कारण तो अनेकदा कायमचा राहतो.

## बोटांच्या रोहिण्यांचे आवरण सोलणे

लेरीश यांची चूक जागेची होती, असे म्हणता येईल. १९८० मध्ये हस्तशल्यविशारद एड्रियन फ्लॅट यांनी हेच तत्त्व तंत्रिका जेथे रोहिणीला शेवटी मिळतात तेथे, म्हणजे बोटांच्या रोहिण्यांवर वापरले. त्यांनी आरंभी रोहिणीचा काही मिलिमीटर भागच सोलला होता. पुढील शल्यविशारदांनी ही लांबी वाढवली आणि तळहातातील कमान तसेच मनगटातील रेडियल व अल्नर रोहिण्यांचाही समावेश केला.

तळहातावर आणि आवश्यकतेनुसार मनगटावर छेद घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली रोहिणी आसपासच्या ऊतीपासून वेगळी करून तिचा बाह्यस्तर, त्यातील तंत्रिकातंतूंसह, एक-दोन सेंटिमीटर लांबीपर्यंत चहूबाजूंनी काढतात. त्वचाकाठिण्यात हा स्तर जाड व कठीण होऊन रोहिणीला पट्ट्यासारखा आवळत असतो. तेथे लाभाचा काही भाग तंत्रिका तुटल्याचा आणि काही भाग हा पट्टा सुटल्याचा असतो. छाती उघडावी लागत नाही आणि भरपाईचा घामही येत नाही. त्यामुळे दुय्यम रेनो विकारातील जखमांसाठी बऱ्याच केंद्रांत या पद्धतीला छातीतील तंत्रिकाछेदनापेक्षा अधिक पसंती मिळते. वेदना बहुधा लवकर कमी होते, जखमा भरण्यास आठवडे वा महिने लागतात. परिणामांचे पुरावे मुख्यतः लहान रुग्णमालिकांचे आहेत.

## रोहिणीची पुनर्जोडणी

अडथळा मनगटात किंवा तळहाताच्या टाचेशी असेल आणि त्यापुढील वाहिनी मोकळी असेल, तर बंद भाग वगळून पुढे जोड देता येतो. त्यासाठी पायातील वा हातातील एक शीर काढून घेतात. शिरेतील झडपा हृदयाच्या दिशेनेच उघडत असल्याने तिचा तुकडा उलटा करून बसवावा लागतो. रक्तवाहिन्या शिवण्याचे तंत्र ल्यों येथेच अलेक्सी कारेल यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० मध्ये अमेरिकेतील ज्यूलियस जेकबसन यांनी या कामात सूक्ष्मदर्शक आणल्यावर एक-दोन मिलिमीटर व्यासाच्या वाहिन्या शिवणे शक्य झाले. टाक्यासाठी वापरला जाणारा धागा केसापेक्षा बारीक असतो.

हातोडीसारख्या वापराने इजा झालेल्या अल्नर रोहिणीसाठी ही पद्धत उत्तम ठरते. मानेतील अधिकच्या बरगडीमुळे आलेल्या विकारात बरगडी काढून फुगवट्याचा भाग बदलतात. अपोहनाच्या जोडणीमुळे रक्त वळत असल्यास रोहिणीचा एक भाग बांधून, त्याच्या वरून खाली शिरेचा पूल घालतात आणि अपोहनाची जोडणीही टिकवतात. बर्जर रोगात मात्र अडचण मूळचीच आहे. टोकाकडच्या वाहिन्याच बुजल्यामुळे नवी वाट नेऊन जोडायला पुढे जागा उरत नाही. क्वचित रक्त उलट दिशेने नीलांतून नेण्याचा प्रयत्न करतात.

ज्या रुग्णांत जोड शक्य नाही त्यांच्यासाठी भारतात दोन वेगळे मार्ग आजमावले गेले, दोन्ही प्रामुख्याने पायांसाठी. आतड्यांवर झालरीसारखा पसरलेला मेदयुक्त पडदा (वपाजाल) पायात नेऊन नवीन रक्तवाहिन्यांना चालना देणे हा एक. या शस्त्रक्रियेवरील भारतीय शल्यविशारदांचा आढावा मुंबईहून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये २००१ साली आला. दुसरा मार्ग अस्थिशल्यचिकित्सेतून आला. पायाच्या नडगीच्या हाडाचा उभा काप वेगळा करून तो इलिझारोव्ह कड्यांच्या साहाय्याने रोज थोडा थोडा बाजूला सरकवतात. हाड भरून येताना आजूबाजूला नवीन रक्तवाहिन्यांचे जाळे वाढते. मिरजेतील डॉ. गो. स. कुलकर्णी यांच्या गटाने या पद्धतीने उपचार केलेल्या बर्जर रोगाच्या रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला.

## अंगच्छेदन

बोटाचा काही भाग काळा, कोरडा आणि सुरकुतलेला झाला असेल, तर घाईने छेदन करीत नाहीत. जिवंत व मृत भागांमधील सीमारेषा काही आठवड्यांत स्पष्ट होते आणि पहिल्या दिवशी काळे वाटणारे बोट पुढे बरेचसे वाचलेले आढळू शकते. काही वेळा मृत टोक आपोआप गळून पडते व खालची त्वचा भरून आलेली असते. ओला, दुर्गंधीयुक्त, पू असलेला कोथ मात्र तातडीचा असतो.

छेदनाची उंची ठरवताना बोटाचा उपयोग पाहिला जातो. अंगठ्याचा प्रत्येक मिलिमीटर जपला जातो, कारण पकडीतील निम्मे काम तो करतो. तर्जनीचे दुखरे, आखूड खुंट राखण्यापेक्षा ते काढल्यास रुग्ण मधल्या बोटाने अधिक सफाईने काम करू लागतो, असा अनुभव आहे. रक्तपुरवठा सुधारण्याची शस्त्रक्रिया शक्य असल्यास ती आधी करतात, अन्यथा छेदनाची जखमही भरत नाही.

## तुटलेल्या बोटाचे पुनर्रोपण

कडबा कुट्टी यंत्रात, मळणी यंत्रात किंवा कारखान्यात तुटलेल्या बोटाचा रक्तपुरवठा एका क्षणात थांबतो. वरील विकारांहून हे निराळे असले, तरी शस्त्रक्रियेचे तंत्र तेच आहे. पूर्णतः तुटलेला अंगठा पुन्हा जोडण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जपानमधील नारा येथे शिगेओ कोमात्सु व सुसुमु तामाई यांनी १९६५ मध्ये केली आणि १९६८ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला.

बोटात स्नायू नसल्यामुळे ते रक्ताविना हाताच्या वा पायाच्या मोठ्या भागापेक्षा अधिक काळ टिकते. सामान्य तापमानाला साधारणतः १२ तासांपर्यंत, थंड ठेवल्यास सुमारे २४ तासांपर्यंत. फैजपूर, रावेर वा शिरपूरहून मोठ्या शहरात पोचण्यास हा अवधी पुरेसा आहे, मात्र बोट योग्य रीतीने नेलेले असावे लागते. ते स्वच्छ सलाइनने ओलावलेल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करतात आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या भांड्यात ठेवतात. बोट थेट बर्फावर ठेवल्यास ऊती गोठून मरतात आणि नुसत्या पाण्यात बुडवल्यास फुगतात. हळद, चुना वा तंबाखू लावलेले बोट स्वच्छ करण्यात वेळ जातो आणि वाहिन्यांची टोके खराब होतात. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापडाने दाब देऊन हात उंच धरणे पुरेसे असते. दोरी आवळून बांधल्यास उरलेल्या बोटांचाही पुरवठा धोक्यात येतो.

जोडलेल्या बोटात पहिले काही दिवस रोहिणीपेक्षा शिरा बंद पडण्याचा धोका अधिक असतो. बोट निळे व फुगीर झाल्यास साचलेले रक्त काढण्यासाठी वैद्यकीय जळवा लावतात. रुग्णाची खोली उबदार ठेवतात आणि धूम्रपान, चहा व कॉफी वर्ज्य करतात. सूक्ष्म टाक्यांनी जोडलेल्या रोहिणीला आकसण्यासाठी रुग्णाने ओढलेली एक विडीही पुरेशी होऊ शकते.